न धुतलेली बाटली

पाचच्या पाच नळ्या पिवळ्याच राहिल्या.

खारूताईने उकळत्या पाण्यातून एकेक नळी चिमट्याने काढली, स्टँडमध्ये उभी केली आणि खिडकीच्या उजेडाकडे वळवली. पिवळी. पुन्हा पिवळी. शेवटची काढताना तिचा हात जरा रेंगाळला, पण ती काय रंगाची असणार हे एव्हाना खोलीतल्या सगळ्यांना कळलं होतं. मंगळवारचे साडेअकरा वाजले होते.

दाराशी रिकामा ट्रे घेऊन आत्या उभ्या होत्या.

आत्या म्हणजे या प्रयोगशाळेतल्या बाटल्या धुणाऱ्या बाई. सव्वीस वर्षं झाली. नात्याने त्या इथे कुणाच्याच आत्या नाहीत. पण दटावायचं, लाड करायचे आणि न विचारता मत द्यायचं, हे तिन्ही त्या हक्काने करतात, म्हणून आत्या. खारूताई ही इथली संशोधक मुलगी. जिने पळत चढते, कोटाच्या खिशात गाजराचे तुकडे ठेवते आणि दिवसभर कुरतडते, म्हणून खारूताई. गाजर तिला आवडतं असं नाही. तिचं संशोधनच गाजरावर आहे, आणि उरलेलं टाकवत नाही.

दुपारच्या सुट्टीत ती आत्यांना आपला प्रबंध वाचून दाखवायची. आत्यांना जे कळेल ते जगाला कळेल, असं तिचं म्हणणं. त्यामुळे गाजराच्या मुळात एक एन्झाइम असतं, त्याला इन्व्हर्टेज म्हणतात, त्याच्या अंगात एक खोलगट खिसा असतो, साखरेचा कण त्या खिशात बसला की त्याचे दोन तुकडे होतात आणि त्या तुकड्यांवर मुळाचं कोवळं टोक वाढतं, हे आत्यांना तोंडपाठ होतं. नळीतलं रसायनही त्यांच्या ओळखीचं होतं. अख्ख्या साखरेला ते दाद देत नाही, पिवळंच राहतं. साखर तुटली, की उकळल्यावर विटकरी होतं.

आणि आज पाचही नळ्या पिवळ्या. म्हणजे साखर तुटलीच नाही. म्हणजे एन्झाइमने काही केलंच नाही. म्हणजे खारूताईने पाच वर्षं जे आकडे दाखवले ते कुठून आणले, हा प्रश्न आला.

तो प्रश्न विचारायलाच चौकशीच्या बाई बाहेरगावाहून आल्या होत्या. महिन्यापूर्वी एक निनावी पत्र आलं होतं, की हिचे निकाल बनावट आहेत. बाईंनी जाहीर चाचणी मागितली. जाड भिंगाचा चष्मा, कमी बोलणं आणि हातात टोक केलेली पेन्सिल, असा त्यांचा कारभार.

"रसायनच खराब असेल तर?" बाईंनी विचारलं.

"नाही," खारूताई म्हणाली. आवाज कोरडा होता, पण पडलेला नव्हता. "सहाव्या नळीत मी आधीच तुटलेली साखर घातली होती. ती बघा, विटकरी झालीय. रसायन ठीक आहे."

"एन्झाइम मेलं असेल?"

"सकाळी आठला जिवंत होतं. माझ्या टेबलावर, माझ्या बफरमध्ये, तीन मिनिटांत रंग आला होता."

"तेव्हा कुणी बघितलं?"

"मी."

बाईंनी काही लिहिलं नाही. "मग बफर?"

बफर म्हणजे ते पाणी, ज्यात एन्झाइम ठेवून काम करायचं. आंबटपणा जागच्या जागी धरून ठेवणारं. बाईंनी स्वतः आंबटपणा मोजणाऱ्या मीटरची कांडी त्या मोठ्या बाटलीत बुडवली. साडेसात. लेबलवर लिहिलं होतं तेवढंच. फॉस्फेट बफर, साडेसात, आणि खाली दादाचं वळणदार अक्षर.

दादा म्हणजे इथला सगळ्यात जुना संशोधक. दहा वर्षं झाली, पक्की जागा नाही. सगळ्यांचे बफर तोच करून देतो. तो कोपऱ्यात उभा होता आणि जमिनीकडे बघत होता. हे आत्यांनी टिपलं.

"सामानाबद्दल मी खात्री देतो," सर म्हणाले. सर म्हणजे विभागप्रमुख. पांढरे केस, मऊ आवाज, कुणावर ओरडल्याचं कुणाला आठवत नाही. "शुक्रवारी संध्याकाळी दादाने बफर करून दिला. साखर, रसायन, बफर, सगळं एका पेटीत घालून मी माझ्या केबिनमध्ये कुलपात ठेवलं. चावी माझ्या खिशात. केबिनची दुसरी चावी दादाकडे असते, तीसुद्धा मी शुक्रवारी काढून घेतली. आज सकाळी पेटी बाईंच्या समोर उघडली. मुलीवर उद्या कुणी बोट ठेवू नये म्हणून एवढी काळजी घेतली हो मी. आता काय बोलू."

बाईंनी मान हलवली.

सरांनी खिशातून एक कागद काढला. "बाई, माझी विनंती आहे. मुलीचं आयुष्य आहे. तिने यावर सही करावी, शांतपणे संस्था सोडावी. तुम्ही नोंदणी रद्द करण्याची शिफारस करू नका. उद्या चारपर्यंत वेळ द्या तिला."

खारूताईने कागद वाचला. एकच वाक्य होतं. *या संशोधनाच्या निकालात जाणूनबुजून फेरफार करण्यात आला, हे खाली सही करणाऱ्यास मान्य आहे.*

"मी सही करणार नाही," ती म्हणाली.

"घाई नको, बाळ. विचार कर."

"विचार केलाय, सर. मी काही फिरवलेलं नाही. काढून टाकायचं तर काढून टाका, पण माझ्या हातून हे लिहून घेता येणार नाही."

असं म्हणून तिने कागदाची घडी घातली आणि गाजराच्या तुकड्यांशेजारी खिशात कोंबली. आत्यांना तिचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले, आणि डोळे भरले म्हणून स्वतःचाच राग आला.

सगळे पांगल्यावर सर आत्यांपाशी थांबले. "बाई, हे सगळं सामान आजच धुऊन टाका. उरलेला बफरही ओतून द्या. डोळ्यांसमोर नको ते."

"हो, सर."

आत्यांनी ट्रे भरला. मोरीवर नेला. नळ सोडला, मोठी बाटली उचलली, सवयीने खिडकीसमोर धरली, आणि नळ बंद केला.

बाटली अजून निम्म्याहून जास्त भरलेली होती. पाण्याच्या रेषेच्या वर, खांद्याच्या आतल्या बाजूने, काचेला एक पांढरं कडं चिकटलेलं होतं. पुसट, धुरकट, करंगळीच्या नखाएवढं रुंद.

आत्या बघतच राहिल्या. ही बाटली शुक्रवारी सकाळी त्यांनीच दादाला दिली होती. प्रत्येक बाटली त्या खिडकीसमोर धरून, गोल फिरवून, मगच पुढे देतात. सव्वीस वर्षांत डाग असलेली बाटली त्यांच्या हातून गेली नव्हती, आणि ही तर मुळीच गेली नव्हती.

कुठेतरी पाणी मुरत होतं.

त्यांनी बाटली कोरड्या फडक्यात गुंडाळली, आपल्या कपाटात डब्याच्या मागे ठेवली आणि कुलूप लावलं. सांगितलेली बाटली धुतली नाही, असं सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच झालं. मग हात पुसले आणि दादाला शोधायला निघाल्या.

दादा बफरच्या खोलीत एकटाच बसला होता. समोर वही उघडी, आणि तो तीच तीच बेरीज परत करत होता.

"काय रे, सकाळपासून जमिनीत काय सापडलं तुला?" आत्यांनी दार लावून घेतलं. "मान वर करत नव्हतास."

"आत्या, आत्ता नको."

"आत्ताच. ती पोरगी गेली तर जागा तुला मिळणार, हे मला माहीत आहे. तुलाही माहीत आहे. म्हणून सरळ विचारते. त्या बाटलीत तू काय घातलंस?"

दादाचा चेहरा पांढराफटक पडला. "फॉस्फेट. देवाशपथ, फॉस्फेटच. पण मला झोप नाही आलेली, आत्या. वजनात चूक झाली असेल का? माझ्यामुळे तिचं वाटोळं झालं असेल का? तिथे बोलायला हवं होतं मी. पाचावर धारण बसली."

"चूक असती तर मीटरवर साडेसात आलं असतं का?"

"नसतं."

"मग वजन सोड. बाटली कशी विसळलीस ते सांग."

"नेहमीसारखी. शुद्ध पाण्याने, तीनदा."

"नळाच्या पाण्याने नाही?"

दादाला एवढ्या दुःखातही हसू आलं. "फॉस्फेटच्या बाटलीत नळाचं पाणी? तुम्हीच मला फटका मारून शिकवलंय, आत्या. नऊ वर्षांपूर्वी बोअरचं पाणी सुरू झालं आणि पहिल्याच आठवड्यात सगळ्या बाटल्यांत पांढरा ढग झाला होता. त्या पाण्यात चुना आहे. चुना आणि फॉस्फेट भेटले की पांढरा गाळ बसतो, तो घासून निघत नाही. इथे टेबलावर काम करणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत आहे. नवीन पोरांना पहिल्या दिवशी तुम्ही तेच तर सांगता."

"सांगते," आत्या म्हणाल्या. "टेबलावर काम करणाऱ्यांना सांगते."

मग म्हणाल्या, "खारूताईचा प्रबंध वाचलायस तू?"

"चित्रं बघितली. वाचायला अजून दिलाच नाही तिने कुणाला. सरांकडेच आहे, दोन महिने झाले."

"बरं. आता ती बेरीज बंद कर आणि काहीतरी खाऊन घे."

आत्या जिना चढायला लागल्या. डोक्यात एक कप फिरत होता.

सरांचा चहाचा कप. तो रोज सकाळी आत्याच धुतात. सर चहा पितात, कपात नळाचं पाणी भरतात आणि केबिनच्या बेसिनमध्ये ठेवून देतात, म्हणजे डाग वाळत नाही. सोमवारी सकाळी त्या कपाच्या तळाशी पांढरा गाळ बसलेला होता. आत्यांनी बोअरच्या पाण्याला चार शिव्या हासडल्या होत्या आणि कप राखेने घासला होता. आता त्यांच्या लक्षात आलं, की नळाचं नुसतं पाणी कपात दोन दिवस राहिलं तरी असा गाळ बसत नाही. इतकी वर्षं कधी बसला नव्हता.

केबिनचं दार उघडंच होतं.

"सर, तुमच्या बेसिनबद्दल विचारायचं होतं. नळ गळतोय का? सोमवारी कप घाण झाला होता."

"नाही हो. नळ चांगला आहे." सरांनी मान वर केली नाही.

"मग शनिवार-रविवारी कुणी येऊन वापरला असेल. दादा वगैरे."

"कोण येणार? चावी माझ्याकडे होती. शनिवारी मी एकटाच होतो इथे, बराच वेळ. वाचत होतो." आता त्यांनी वर बघितलं आणि हसले. "बाटल्या झाल्या धुऊन?"

"होतातच आहेत, सर."

आत्या खोटं बोलल्या, आणि त्यांना त्याचं काही वाटलं नाही. वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. याच माणसाने सव्वीस वर्षांपूर्वी त्यांना कामाला लावलं होतं. तेव्हा तो बाही दुमडून टेबलावर उभा राहायचा. आता अकरा वर्षं झाली, त्याने नळीला हात लावलेला नाही. तो सह्या करतो.

खारूताई बागेतल्या बाकावर बसली होती. आत्या शेजारी बसल्या.

"तुझ्या प्रबंधात एक रसायन होतं बघ. त्या खिशात जाऊन अडकून बसतं म्हणालीस. नाव सांग."

"ट्रिस. तोही बफरच आहे, आत्या. कुठल्याही मजल्यावर पाण्यासारखा मिळतो. त्याच्या कणाला तीन हात असतात, साखरेच्या हातांसारखेच दिसतात. एन्झाइमला वाटतं साखर आली. ट्रिस खिशात बसतो, तुटत नाही, आणि निघायचं नाव घेत नाही. खरी साखर बाहेर ताटकळते. बाविसाव्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय मी, या एन्झाइमला ट्रिस चालत नाही म्हणून." ती बोलता बोलता थांबली आणि तिने आत्यांकडे बघितलं. "का विचारताय?"

"उद्या चारला ये," आत्या म्हणाल्या. "सही करू नकोस. आणि रडूही नकोस. रडलीस तर मलाही रडू येईल, आणि मला तिथे बोलायचंय."

बुधवारी चारला सभेच्या खोलीत सगळे जमले. लांब टेबल, एका टोकाला बाई, त्यांच्या उजवीकडे सर, समोर खारूताई, भिंतीशी दादा. बाईंनी पेन्सिल उचलली, तेवढ्यात दार ढकलून आत्या आत आल्या. हातात ट्रे. ट्रेमध्ये फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी, नळाच्या पाण्याचा तांब्या आणि दोन स्वच्छ ग्लास.

"बाई, पाणी नंतर आणा," सर म्हणाले. "महत्त्वाचं काम चाललंय."

"प्यायचं पाणी नाही, सर. मी जबाब द्यायला आलेय."

"तुम्ही? कशाबद्दल?"

"बाटल्यांबद्दल. दुसरं मला काय येतं."

"हे बघा, तुम्ही बाहेर थांबा. ही तज्ज्ञांची बैठक आहे."

"थांबणार नाही," आत्या म्हणाल्या. ट्रे त्यांनी टेबलावर ठेवून दिला. "सव्वीस वर्षं बाहेरच थांबलेय. आज काढायचं तर हाताला धरून काढा."

सर उठायला लागले. बाईंनी पेन्सिल आडवी धरली. "बोलू द्या त्यांना."

आत्यांनी फडकं सोडलं. बाटली बघून सरांचा चेहरा क्षणभर कोरा झाला.

"ही कालची बाटली. सरांनी धुवायला सांगितली होती, मी धुतली नाही. लेबल वाचा, बाई."

"फॉस्फेट बफर, साडेसात."

"दादा, तू आज केलेला फॉस्फेट आण."

दादाने खिशातून छोटी बाटली काढून दिली. आत्यांनी एका ग्लासात दादाचा फॉस्फेट ओतला, दुसऱ्यात कालच्या बाटलीतलं पाणी. मग तांब्यातलं नळाचं पाणी दोन्हींत सारखं घातलं आणि हात बांधून उभ्या राहिल्या.

मिनिटाभरात दादाच्या ग्लासात धूसर ढग उतरला, दाट झाला. दुसरा ग्लास स्वच्छ होता. अजून दोन मिनिटं गेली. स्वच्छच.

"आमच्या नळाच्या पाण्यात चुना आहे," आत्या म्हणाल्या. "फॉस्फेट असलं की ढग येतो. येतोच. या बाटलीत फॉस्फेट नाही, बाई."

बाई चष्मा सावरत पुढे झुकल्या. "मग काय आहे? मीटर तर साडेसात दाखवत होता."

खारूताई उभी राहिली. तिला कालपासून जे वाटत होतं ते आता खात्रीने कळलं होतं. "बर्फ मागवा, बाई. फॉस्फेट गार केला तरी आकडा जवळपास तिथेच राहतो. ट्रिस गार केला की आकडा वर चढतो. दुसऱ्या नेहमीच्या बफरचा एवढा चढत नाही."

बर्फ आला. मीटर आला. बाईंनी पुन्हा स्वतःच कांडी बुडवली. साडेसात. सात पॉइंट आठ. आठ. आठ पॉइंट एकवर काटा स्थिरावला.

"ट्रिस," बाई म्हणाल्या.

"अरेरे," सर हळूच म्हणाले. "दादा, अशी कशी चूक केलीस रे? लेबल एकाचं, माल दुसऱ्याचा."

दादाने तोंड उघडलं, पण आत्यांनी हात वर केला.

"चूक नाही, सर. बाई, ही बाटली खिडकीकडे धरा. खांद्याच्या आत पांढरं कडं दिसतंय? हा चुना आणि फॉस्फेटचा गाळ. याचा अर्थ या बाटलीत आधी फॉस्फेट होता. दादाने खरंच घातला होता. मग कुणीतरी तो ओतून टाकला, बाटली नळाखाली विसळली आणि वरून ट्रिस भरला. नुसती चूक असती तर कडं आलंच नसतं. अदलाबदल झाली म्हणून आलं."

"कोणी केली?" बाईंनी विचारलं.

"तेच सांगते. आमच्याकडे फॉस्फेटच्या बाटलीत नळाचं पाणी कुणी घालत नाही. ही पोरगी घालत नाही, दादा घालत नाही, काल आलेला माणूसही घालत नाही, कारण मी पहिल्या दिवशी दम देते. बोअरचं पाणी येऊन नऊ वर्षं झाली. त्याच्या आधी टाकीचं गोड पाणी होतं, तेव्हा सगळे नळाखालीच विसळायचे. म्हणजे ज्याचे हात नऊ वर्षांत टेबलाला लागलेले नाहीत, ज्याला बाटली विसळायची जुनी सवय आहे पण नवीन पाणी ठाऊक नाही, असा माणूस. या इमारतीत तसा एकच आहे."

सरांनी टेबलावरचा हात मागे घेतला.

"फॉस्फेट ओतला तोही केबिनच्या बेसिनमध्ये," आत्या बोलतच राहिल्या. "तिथे सरांचा कप नळाचं पाणी भरून ठेवलेला होता. उडालेला फॉस्फेट त्यात पडला. सोमवारी मी तो पांढरा गाळ माझ्या हाताने घासलाय. चाव्या दोन्ही एकाच खिशात होत्या, आणि तो खिसा कुणाचा हे सरांनीच काल सगळ्यांसमोर सांगितलं. शनिवारी केबिनमध्ये एकटे होते, हे काल मला सांगितलं."

"कप धुऊन झालेला आहे," सर म्हणाले. आवाज अजून मऊच होता. "एका बाटल्या धुणाऱ्या बाईच्या आठवणीवर तुम्ही तीस वर्षं काम केलेल्या माणसाला दोषी ठरवणार?"

"नाही," बाई म्हणाल्या. "मला एक सांगा. ट्रिसने हे एन्झाइम अडतं, हे कुणाकुणाला माहीत होतं?"

"माझ्या प्रबंधाचं बाविसावं पान," खारूताई म्हणाली. "आधी कुठे छापलेलं नाही. आत्यांना मी वाचून दाखवलं होतं. आणि वाचायला दिलेली प्रत एकच. ती सरांच्या टेबलावर आहे."

"पण मुळात कशासाठी?" बाईंनी सरांकडे वळून विचारलं. "तुमचीच विद्यार्थिनी."

उत्तर खारूताईने दिलं. "तीस वर्षांपूर्वी सरांनी लिहिलं, की गाजरातलं हे एन्झाइम मेलेलं आहे. निव्वळ जुना अवशेष, काही काम करत नाही. त्याच धड्यावर पिढ्या शिकल्या. मीही तोच वाचून इथे आले. आणि मला ते जिवंत सापडलं. त्याचा खिसा सापडला. मी पळत सरांनाच सांगायला गेले होते, सगळ्यात आधी."

तिने खिशातला कागद चाचपला.

"हे सगळं असलं तरी," सर म्हणाले, "एन्झाइम काम करतं हे कुठे सिद्ध झालं? ते निकामीच आहे. मी आजही म्हणतो."

"सर, मग ट्रिस कशाला घातलात?" खारूताई म्हणाली. "मेलेल्याला विष कोण घालतं?"

बाईंनी पहिल्यांदाच पेन्सिल कागदाला लावली आणि बराच वेळ लिहीत राहिल्या.

मग त्या उठल्या आणि सगळ्यांना प्रयोगशाळेत घेऊन गेल्या. दादाचा नवा बफर, तीच साखर, तेच रसायन, आणि कालच्याच एन्झाइमचा बर्फात ठेवलेला उरलेला भाग. पाच नळ्या. उकळत्या पाण्यातून पहिली बाहेर आली ती फिकट नारिंगी होती, दुसरी गडद, आणि पाचवी तापलेल्या विटेच्या रंगाची. दादा भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होता. आत्यांनी त्याला फडकं दिलं. ते बाटलीचंच होतं, पण त्याने चालवून घेतलं.

"ते निनावी पत्र कुणाचं, हेही मी शोधीन," बाई म्हणाल्या. "की तुम्हीच सांगता?"

सर खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी सांगितलं नाही, पण नाकारलंही नाही.

आत्यांनी सवयीने नळ्या गोळा करायला घेतल्या. सभेच्या खोलीतून आणलेली मोठी बाटली उचलली आणि बाईंकडे बघितलं. "आता धुवू का ही?"

"नको," बाई म्हणाल्या. "ही माझ्याबरोबर येईल. अशीच."

खारूताईने कोटाच्या खिशात हात घातला. गाजराचा तुकडा बाहेर आला, तो तिने परत ठेवला. मग कालचा कागद निघाला. तिने घडी उलगडली, टेबलावर हाताने सपाट केली आणि सरांसमोर सरकवली. या संशोधनाच्या निकालात जाणूनबुजून फेरफार करण्यात आला, हे खाली सही करणाऱ्यास मान्य आहे.

"मजकूर अगदी बरोबर आहे, सर," ती म्हणाली आणि आपलं पेन उघडून कागदावर ठेवलं. "सही तेवढी तुमची हवी."